सुजाता भाव करत नाही

आयुष्यात भावात मी एकाच बाईकडून हरले, आणि ती भाव न करणारी बाई होती.

बदलापूर पूर्वेला, कात्रपात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगला कृष्ण, जिजाऊ, कोळीण, पोलीस, टोमॅटो, फुलकोबी, जे लागेल ते भाड्याने मिळतं. सुरुवात स्टेशनबाहेर टोपलीत केसांच्या पिना विकून केली होती. टोपलीपासून शटरपर्यंत मी गोड बोलून आलेले नाही. माझा आवाज मोठा आहे, राग नाकाच्या शेंड्यावर आहे, आणि समोरच्याने सांगितलेली पहिली किंमत मला ऐकूच येत नाही. उल्हासनगरच्या बाजारात मला लांबून येताना बघून काही दुकानदार आधी पाणी पिऊन घेतात, असं म्हणतात. खोटं नसावं.

सुजातावर माझा राग आहे. तो आधीच सांगून टाकते. पुढे मी तिचं कौतुक करायला लागेन, तेव्हा राग गेला असं कुणी समजू नये.

ती पहिल्यांदा आमच्या घरी आली ती सासूबाईंचं रक्त न्यायला. सासूबाईंना साखरेचा त्रास. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून चहावाचून सकाळपासून रुसून बसल्या होत्या. बेल वाजली, मी दार उघडलं, तर दारात डोक्यापासून पायापर्यंत काळी बाई! वय तिशीच्या आसपास. पोटरीपर्यंत काळे बूट, झालरींचा काळा स्कर्ट, जाळीच्या बाह्या, कमरेला बक्कलांचा रुंद पट्टा, गळ्याला चिकटून काळी पट्टी आणि तिला एक पांढरी कडी. डोळ्यांत भरून काजळ, ओठांना पिकल्या जांभळाच्या रंगाची लिपस्टिक. या सगळ्यावर लॅबचा पांढरा कोट, आणि हातात सॅम्पलची थंड पेटी.

सासूबाई पलंगावरून ओरडल्या, "अगं मंगल, संक्रांत आली का? मला कुणी सांगितलंच नाही!"

ऑगस्ट चालू होता.

"संक्रांत लांब आहे, आजी," ती पेटी खाली ठेवत म्हणाली. "मला हा रंग आवडतो."

"रोज?"

"रोज."

"बाई बाई! म्हणजे तुला रोज तिळगूळ."

ती हसली नाही, पण ओठाची एक बाजू जरा वर गेली. तिचं हसू तेवढंच असायचं. मग तिने बोटांतल्या अंगठ्या काढल्या. एक वटवाघूळ, एक साप, एक कवटी. तिच्या स्वतःच्या आजीची पानाची पितळी डबी तिच्या खिशात असायची, तिच्यात त्या ठेवल्या. हातमोजे चढवले, सासूबाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. आमच्या सासूबाई सुई दिसली की गावाकडच्या सगळ्या देवांना एकेक करून हाका मारतात. पहिल्या देवाचं नाव अर्ध्यावर असतानाच सुजाता म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"रक्त घेऊन झालं. चहा प्या आता."

सासूबाईंनी दंडाकडे पाहिलं, कापसाच्या बोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हिलाच पाठवायला सांग," म्हणाल्या. "दर वेळेला. तो मागचा मेला विहीर खणायचा."

मी हे अर्धंच ऐकत होते. माझे डोळे तिच्या कपड्यांवर होते. तीन थरांची झालर, प्रत्येक थराला वेगळी लेस, आणि कमरेत असं बसवलेलं की माझ्या कारागिराने सात जन्म घेतले तरी जमणार नाही. मी विचारलं, "कुठून घेतलास?"

"शिवला."

"कापड?"

"उल्हासनगर."

"काय भावाने?"

"सांगितला त्या भावाने."

मला वाटलं ती चेष्टा करतेय!

तिथून आमची ओळख वाढली. ती अंबरनाथला वडिलांबरोबर राहायची आणि बदलापुरातल्या एका लॅबसाठी घरोघर सॅम्पल घ्यायची. स्कूटर काळी, हेल्मेट काळं, छत्रीसुद्धा काळी. मे महिन्यात कात्रपचा डांबरी रस्ता बुटांना चिकटतो, तेव्हाही तेच कपडे. कुणी विचारलं, "उकडत नाही का गं?" की ती विचारणार, "तुम्हाला लग्नात जरीच्या साडीत उकडत नाही?" कुणी विचारलं, "घरचे काही बोलत नाहीत?" तर म्हणायची, "बोलतात ना. वडील विचारतात, आज कुठला काळा?"

ते खरंच होतं. तिचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. मी एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते तिचे कपडे इस्त्री करत होते. काळ्या कापडावर थेट इस्त्री फिरवली की ते चकाकतं, म्हणून वर ओलं फडकं टाकून, झालरीचा एकेक थर उचलून. मला म्हणाले, "सगळी नोकरी मी खाकीत काढली, ताई. रंग कुठला पाहिजे असं मला कुणी विचारलं नव्हतं. हिला तरी आपल्या मनाचा घालू दे."

बुद्धपौर्णिमेला मात्र बापलेक दोघंही पांढऱ्या कपड्यांत विहारात जायचे. मी एकदा टोमणा मारला, "तेव्हा चालतं होय गं पांढरं?"

"तो सण आहे," ती म्हणाली. "हे माझे कपडे आहेत."

लहानपणी तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की तू सावळी, तुला काळं शोभत नाही, फिकं घाल. पिस्ता घाल, अबोली घाल. कॉलेजात असताना तिने कुणाच्या तरी मोबाईलवर परदेशातल्या काही मुलींचे फोटो पाहिले. नुसत्या काळ्या कपड्यांतल्या मुली, कुणाची पर्वा न करता उभ्या. "मला वाटलं, या माझ्या मावसबहिणी आहेत आणि आईने सांगायचं राहून गेलं," ती म्हणाली. त्याला गॉथ म्हणतात हे तिने मला शिकवलं. मी काही दिवस गोथ म्हणत होते, मग गोट म्हणायला लागले. तिने एकदाही सुधारलं नाही. तिला नावाचं काही नव्हतं.

पितृपक्षात, बाजार थंड असताना, मी तिला म्हटलं, चल, उल्हासनगरला माझ्याबरोबर. बघतेच तुला कापड काय भावाने देतात.

टेकशेठच्या दुकानात मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे. म्हातारा सिंधी माणूस, गल्ल्यावर कायम गुलाबाच्या अगरबत्त्या. माझी पद्धत ठरलेली. जे पाहिजे त्याच्याकडे बघायचंच नाही. शेजारच्या ताग्याचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं, कापड उजेडात धरून नसलेली भोकं दाखवायची, उठून तीन दुकानं पुढे जायचं आणि त्याचा माणूस हाक मारत येईपर्यंत मागे बघायचं नाही. मी सुरुवात केली.

"टेकशेठ, ये लाल वाला क्या भाव?"

"मंगलभाभी, लाल आपको चाहिए नहीं. आपको काली जाली चाहिए. सुबह से उसी को देख रहे हो."

"मी? त्या जाळीला? ती तर मच्छरदाणीला पण कोण घेणार नाही!"

एवढ्यात सुजाताने जाळीवर हात ठेवून विचारलं, "कितना?"

टेकशेठने आकडा सांगितला. मला बघून सांगतो तसा, आभाळाला भिडणारा. सुजाता म्हणाली, "ठीक है," आणि पर्स उघडली.

मी तिला चिमटा काढला. जोरात. तिने हात बाजूला घेतला, बस.

टेकशेठ तिच्याकडे बघत राहिला. "ठीक है मतलब?"

"ठीक है मतलब दे दो."

"पर अदी, मैंने तो बोलने के लिए बोला था." अदी म्हणजे सिंधीत ताई. मला कधी म्हणाला नव्हता! "आप भी कुछ बोलो ना."

"मुझे पसंद है. आपने दाम बताया. मैं क्या बोलूं?"

म्हाताऱ्याने अगरबत्ती सरळ केली, मापाची लोखंडी पट्टी उचलली, खाली ठेवली. कपाळाचा घाम पुसला. मग एकदम माझ्यावर ओरडला, "भाभी, ये किसको लेके आए हो आप? मेरेको रात को नींद नहीं आएगी!" आणि आपणहून भाव खाली आणला. ती पुन्हा "ठीक है" म्हणाली. त्याने आणखी खाली आणला, वर लेसची एक अख्खी गुंडाळी पिशवीत टाकली, आणि चहा मागवला. दोन चहा. माझा त्याला नंतर आठवला.

परत येताना रिक्षात मी तिला हवं तसं बोलले. "धंदा असा नसतो. त्याने सांगायचं, आपण तोडायचं, यात दोघांचा मान असतो. तू ठीक है म्हणतेस म्हणजे समोरच्याला उघडं पाडतेस."

ती लेस बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, मी ज्यावर हात ठेवते ते मला हवंच असतं. मग कमी हवंय असं कशाला दाखवू?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही असं नाही, होतं, पण रिक्षात फार आवाज येत होता.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात ऑक्टोबरचा शेवट म्हणजे माशा मारायचे दिवस असायचे. नवरात्र संपलेलं, गॅदरिंग लांब. पण कात्रपात मोठ्या इमारती झाल्या आणि त्यांच्याबरोबर हॅलोविन आलं. आया दुकानात येऊन विचारायला लागल्या, "काकू, भुताचं काही आहे? पण गोड भूत." मी पांढऱ्या चादरी आणि यमाचे मुकुट देऊन वेळ मारून नेत होते. त्या वर्षी माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. सुजाता! मी माझ्या कारागिराला तिच्या स्कर्टचं वर्णन केलं, टेकशेठकडून तीच जाळी भांडून आणली, आणि सेट तयार केला, भाड्याने नाही, विकायला. झालरीचा स्कर्ट, जाळीच्या बाह्या, गळ्याला पट्टी, प्लास्टिकचा कवटीवाला पट्टा, टोकदार टोपी आणि वर एक खराटा. दुकानाच्या काचेत पुतळ्याला घातला आणि पाटी लावली: "चेटकीण सेट. लहान, मोठे, सर्व मापांत."

काय उठाव होता म्हणून सांगू! बायका रांगेत. एक आई मुलीसाठी आली आणि स्वतःसाठीही घेऊन गेली. मला हात पुरेनात. मी आजही म्हणते, त्यात माझं काही चुकलं नाही. काळा रंग काय कुणाच्या बापाचा आहे?

सुजाताने येता-जाता काच पाहिली आणि आत आली. दुकानात गिऱ्हाइकं होती. एका बाईने तिला बघून मला विचारलं, "हे पण आहे का सेटमध्ये? हे जास्त छान दिसतंय."

सुजाता पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली. झालर उचलून पाहिली. म्हणाली, "कमरेत ढिला आहे. टाके लांब घातलेत, एका धुण्यात उसवेल."

"एकदाच घालायचाय. दुसऱ्यांदा कोण घालतंय?"

तिने झालर खाली सोडली. मग म्हणाली, "खराटा काढा, ताई. आणि पाटी."

"खराट्यावरच तर जातंय! आणि पाटीवर काय लिहू मग? सुजाता सेट?"

"काही लिहू नका. कपडे म्हणून विका."

"कपडे म्हणून कोण घेणार?"

"मी घेते ना."

"तू एकटी! एका गिऱ्हाइकावर दुकान चालतं का?"

"बरं," ती म्हणाली आणि निघाली. भांडली असती तर मी अर्ध्यावर आले असते. खराटा ठेवला असता, पाटी बदलली असती, लेस फुकट दिली असती. पण ती एकदा सांगणार, आणि समोरच्याने नाही म्हटलं की बरं म्हणून जाणार. अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा!

हॅलोविनच्या दिवशी आमच्या शेजारच्या संकुलात पार्टी होती. मधल्या मोकळ्या जागेत स्टेज, डीजे, भोपळ्याचे फुगे. मी स्टेजजवळ टेबल लावून बसले होते, ऐन वेळचं गिऱ्हाईक सोडायचं नाही म्हणून. जिकडे बघावं तिकडे माझ्या चेटकिणी! मी आनंदाने नुसती मोजत होते. तेवढ्यात जिन्यावरून सुजाता आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बरं नव्हतं, त्यांचं सॅम्पल घेऊन परत निघाली होती. खांद्याला थंड पेटी. कोट नव्हता, आजोबांना उलटी झाली त्यात तो खराब झाला होता, पिशवीत घातलेला.

पोरांनी तिला बघितलं आणि एकच गलका! "ए, ही बघ, खरी चेटकीण!" कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडम माईक घेऊन धावल्या, तिचा हात धरून थेट स्टेजवर. "लेडीज अँड जंटलमन, बेस्ट कॉस्च्यूम! फर्स्ट प्राइज!"

टाळ्या, शिट्ट्या, फोटो. मॅडमनी विचारलं, "मॅम, ड्रेस कुठून घेतला?"

मी टेबलामागे उभी राहिले. घे माझ्या दुकानाचं नाव, घे! देवाला हात जोडले.

"घरी शिवलाय," सुजाता म्हणाली. "रोजचाच आहे."

सगळे खदखदून हसले. मॅडमना वाटलं किती छान भूमिका करतेय. "आणि या बॉक्समध्ये काय आहे?"

"रक्त."

मग तर विचारूच नका! पोरं किंचाळली, डीजेने भुताचा आवाज लावला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीसुद्धा वाजवल्या. मॅडमनी बक्षीस तिच्या हातात दिलं, चकचकीत कागदातला हॉटपॉट. सुजाताने तो स्टेजवरच्या टेबलावर ठेवला आणि माईकमध्ये शांतपणे म्हणाली, "मी स्पर्धेत नव्हते. मी कामावर आहे. हे सॅम्पल लॅबला वेळेत पोचायला हवं." आणि खाली उतरून चालायला लागली.

हसू तिथेच थांबलं. मॅडमचं तोंड पडलं. त्यांनी हॉटपॉट एका छोट्या यमाला देऊन टाकला. पण फोटो तोवर सगळ्या ग्रुपवर फिरले होते.

आठवड्याभरात लॅबच्या डॉक्टरांकडे तक्रारी. तुमच्या लॅबची मुलगी पार्टीचे कपडे घालून पेशंटकडे येते. आमची मुलं तिला बघून चेटकीण म्हणतात. एवढे दिवस ज्यांच्या घरी ती त्याच कपड्यांत जात होती, त्यांनाच आता तो वेश दिसायला लागला. डॉक्टरांनी तिला सांगितलं, सोमवारपासून साधा पंजाबी ड्रेस, साधा चेहरा, नाहीतर घरी बस.

हे मला सासूबाईंकडून कळलं. त्या दिवशी रक्त घ्यायला दुसराच मुलगा आला होता आणि सासूबाईंनी हात पदराखाली घेऊन ठेवला होता. "संक्रांतीला साऱ्या सोसायटीला काळं चालतं," त्या गरजत होत्या, "आणि माझ्या पोरीला नाही? ती काळी पाठवा. नाहीतर माझी साखर माझ्याजवळ राहू दे!"

माझं डोकं भडकलं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि थेट लॅबमध्ये गेले. डॉक्टर म्हणाले, "हे आमचं अंतर्गत आहे." मी म्हटलं, "माझ्या सासूचं रक्त आहे, अंतर्गत कसलं?" आणि बसले समोर. आता मी माझ्या मैदानात होते. ते म्हणाले रंगीत ड्रेस, मी म्हटलं रंगाचं पुढे बघू, कोट गळ्यापर्यंत बंद, मान्य? ते म्हणाले मान्य. मग कोटाच्या आतलं कुणाला दिसतंय? ते म्हणाले बूट दिसतात. मी म्हटलं रस्त्यात खड्डे तुम्ही बुजवणार का? ते हसले. हसलं की माणूस गेला. बूट सुटले, स्कर्ट सुटला, काजळ सुटलं. मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. शेवटी त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: लिपस्टिक आणि गळ्याची पट्टी नको. बाकी सगळं काळं, जसं आहे तसं!

आयुष्यात इतका सुरेख सौदा मी केला नव्हता. रिक्षा करून अंबरनाथला गेले. पेढे घेऊन. तिचे वडील इस्त्री करत होते, ती मशीनवर बसली होती. मी दारातूनच सगळं सांगितलं, डॉक्टरांची नक्कल करून. वडील हसायला लागले. ती नाही.

"पट्टी आणि लिपस्टिक गेली," ती म्हणाली.

"अगं, बाकी सगळं राहिलं! तो पंजाबी ड्रेसवर अडला होता!"

"ताई, तुम्हाला मी पाठवलं होतं का?"

"पाठवायला कशाला पाहिजे? तुला भाव करता येत नाही म्हणून मी गेले."

ती मशीनवरून उठली. आवाज चढवला नाही. "त्यांनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा मी अशीच आले होते. हात बघितला आणि घेतलं. आता हात तोच आहे. मी कालच त्यांना सांगितलं, असं चालत असेल तर येते, नाहीतर नाही. ते नाही म्हणाले. झालं."

"झालं काय झालं? मी आणलंय ना परत!"

"माझं थोडं थोडं करून आणलंत," ती म्हणाली. "मी काय तागा आहे?"

वडिलांनी इस्त्री उभी केली. मी पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून बाहेर पडले. रागाने रिक्षाही न करता चालत सुटले. हाच तो राग. माझ्या हयातीतला सर्वांत चांगला सौदा तिने असा उचलून बाजूला ठेवला, हॉटपॉट ठेवला होता तसा. आजही आठवलं की माझे कान गरम होतात.

तिने नोकरी सोडली. तिचं काय होणार म्हणून मला घास जाईना. मी कुणाला दाखवलं नाही. पण कात्रपातल्या म्हाताऱ्यांनी सासूबाईंचा कित्ता गिरवला. हा हात पदराखाली, तो हात पांघरुणात. कुणीतरी तिचा नंबर शोधून काढला. मग अंबरनाथच्या एका छोट्या लॅबच्या बाईंनी तिला बोलावलं. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, "माझी शीर सापडत नाही कुणाला. बघ बरं." आणि ती म्हणाली, "झालं." महिन्याभरात काळी स्कूटर पुन्हा आमच्या गल्लीत. तेच बूट, तीच पट्टी, तीच जांभळाची लिपस्टिक. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिला तिळगूळ दिला. संक्रांत जवळ आली होती, पण त्यांनी तो तिच्यासाठी वेगळा राखून ठेवला होता, असं मला वाटतं. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. मीच तुटक बोलायचे. राग माझा होता.

पुढच्या वर्षी चेटकिणीचे सेट मी दुप्पट शिवून घेतले. पार्टीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. काचेकडे पाहिलंही नाही. थेट आतल्या रॅककडे गेली, गॅदरिंगमध्ये सून किंवा शाळेतली बाई करतात तो कोपरा. तिथून पोपटी रंगाची एक काठाची साडी काढली. भडक पोपटी. जांभळे काठ.

"हिचं भाडं काय घेता?"

मी नेहमीचा भाव सांगितला. तिने साडी उजेडात धरली.

"फॉल सुटलाय."

"कुठे सुटलाय?"

"हा बघा. आणि काठ विटलाय. ही कुणी घेत नसेल."

"गेल्याच महिन्यात दोनदा गेली!"

"मग दोनदाच जुनी झाली," ती म्हणाली आणि अर्धा भाव सांगितला. अर्धा! मला वाटलं माझे कान वाजतायत. मी थोडं खाली आले. तिने मान हलवली, साडी घडी घालून ठेवली, शेजारच्या नऊवारीचा भाव विचारला, नाक मुरडलं आणि निघाली. दार ओलांडलं. पायरी उतरली. समोरच्या किराणा दुकानाच्या पुढे गेली. मागे वळून पाहीना!

"ए सुजाता!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला परत बोलावलं.

तिने साडी तिच्या भावाने घेतली. वर गजऱ्यासाठी पिना मागितल्या, त्याही मी दिल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. "हे कुठे शिकलीस?"

"टेकशेठकडे. तुमच्या मागे उभी राहून."

"आणि एवढं येतं, तर त्या दिवशी त्या जाळीचा भाव का नाही केलास? डॉक्टरांशी का नाही केलास?"

ती साडी पिशवीत घालत होती. "ते माझे कपडे होते, ताई," ती म्हणाली. "हा तर सणाचा वेश आहे. उद्या सगळ्या माझे कपडे घालणार. मग मी काय घालू?"

साडी दोन दिवसांनी परत आली, वर ओलं फडकं टाकून इस्त्री केलेली, नव्याहून चांगली. मी ती अजूनही भाड्याने देते आणि पूर्ण भाव घेते. त्या वर्षाच्या शेवटी तिला नाशिककडच्या एका मोठ्या रुग्णालयात काम मिळालं, ती वडिलांना घेऊन गेली. सासूबाई फोनवर तिला साखर सांगतात. मला कधी फोन करावासा वाटला तरी मी करत नाही, कारण माझा राग आहे.

पण त्या पार्टीच्या संध्याकाळचं सांगते. संकुलाच्या फाटकात मी माझं टेबल लावून बसले होते. आत माझ्या चेटकिणींचा पूर आला होता. काळ्या झालरी, काळ्या जाळ्या, खराटे, टोप्या, डीजेचा दणदणाट. त्यातून सुजाता आली, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच आजोबांचं सॅम्पल घेऊन. पोपटी साडी, कपाळाला टिकली, केसांत मोगरा, ओठ कोरे. खांद्याला थंड पेटी. एकाही पोराने तिच्याकडे पाहिलं नाही. माईकवाल्या मॅडमनी तिला हाताने बाजूला केलं, मागून येणाऱ्या चेटकिणीचा फोटो काढायला.

फाटकातल्या वॉचमनने तेवढं तिला ओळखलं. म्हणाला, "मॅडम, आज आपने ड्रेस नहीं पहना?"

"पहना है ना," ती म्हणाली, आणि या वेळी तिचं हसू दोन्ही बाजूंनी वर गेलं. तिने निऱ्या पोटरीपर्यंत उचलल्या, खाली तेच काळे बूट होते, आणि स्कूटरला किक मारून ती निघून गेली.